गणपतगुरुजींची हजेरी

परवा बारामतीला माझ्या भाचीनं लहान मुलांची शाळा काढली, तिच्या उद्घाटनाला मला नेलं होतं. भिंतीवर हा एवढा जिराफ काढलाय. आमच्या भागात जिराफ कुणी पाहिलाय देव जाणे, पण काढलाय खरा. लाल घसरगुंडी, निळ्या खुर्च्या, दारात रांगोळी. प्रशिक्षण देणाऱ्या एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं की हसत-खेळत शिक्षण ही आता नवीन पद्धत आली असली तरी या ठकुबाईंनी ती चाळीस वर्षांपूर्वीच वस्तीवरच्या बालवाडीत केली, आणि का केली, तर त्यांच्या पोटात लेकरांविषयी अपार माया होती. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसले. लोकांना वाटलं, बाई लाजल्या. मी हसू दाबत होते. माया आली, नाही असं नाही, पण ती मागाहून आली. आधी माझ्या पोटात होता तो सूड. एका माणसाचा सूड. तो नसता तर मी गुमान लग्न करून गेले असते आणि कुणाच्या तरी रानात उसाचं पाचट गोळा करत बसले असते.

आमची वस्ती अंथुर्ण्याहून भवानीनगरकडं जाताना मध्ये लागते. आम्ही धनगर. माझ्या आज्यानं जन्मभर मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातला, पण आबानं, म्हणजे माझ्या वडलांनी, पाटाचं पाणी आल्यावर एका जागी बूड टेकलं. ऊस लावला, कारखान्याचा सभासद झाला. तरी मेंढरं त्याच्यानं सुटली नाहीत. थोडी ठेवलीच होती घरामागं. त्यामुळं आमच्या घरात दोन आवाज असायचे, एक कारखान्याच्या भोंग्याचा आणि एक मेंढरांचा. गाळप सुरू झालं की मळीचा वास घरात शिरायचा तो भाकरीलासुद्धा लागायचा. आईला त्या वासानं मळमळायचं आणि आबाला त्यानं भूक लागायची, यावरून दरवर्षी ठरलेलं भांडण. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि दिवसातून कितीही वेळा मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा. तो चहा प्यायलेल्या माणसाला बाकीचा चहा म्हणजे विसळवणी. आता डॉक्टरनं मला चहाच बंद केलाय. त्याचाही राग आहेच, पण तो वेगळा.

संध्याकाळी कोकरं सोडायची वेळ ही माझी सगळ्यात आवडती. मेंढ्या दिवसभर चरायला जायच्या आणि लहान कोकरं घरी वाघरात असायची. वाघर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांना ताणून तिचा गोल कोंडवाडा करतात. मेंढ्या परत आल्या की आबा वाघर उचलायचा आणि कोकरं सुटायची. काय गलका उठायचा. प्रत्येक कोकरू ओरडतंय, प्रत्येक मेंढी ओरडतीय, आणि त्या गोंधळातून ज्याचं त्याला सापडायचं. मेंढी दुसऱ्याच्या पोराला डोक्यानं बाजूला सारायची, स्वतःच्याला मात्र आवाजावरून ओळखून हाक द्यायची. एखाद्या कोकराची आई मेलेली असली तर आबा दुसरी मेंढी धरून त्याला तिच्या कासेला लावायचा. ती लाथा झाडायची, आबा तिची समजूत घालायचा, आणि कोकरू प्यायल्याशिवाय तो जेवायला बसायचा नाही. एकही कोकरू उपाशी राहिलं तर घरात ताट वाढलं जात नसे. हा आमच्याकडचा नियम होता, तो कुणी कुणाला शिकवला नव्हता.

मग मला शाळेत घातलं. वस्तीवरच्या शाळेत गणपतगुरुजी होते. उंच, गोरेपान, धोतर परीटघडीचं, आणि आवाज असा की रस्त्यावरची बैलगाडी थांबावी. ते आठवडाभर मला पाटीवर ‘ख’ काढायला सांगत होते आणि तो ‘ख’ काही केल्या माझ्या हातून उभा राहत नव्हता. एका सकाळी त्यांनी मला वर्गापुढं उभं केलं. म्हणाले, मेंढरात राहून ही मेंढरूच झाली, हिला माणसाची भाषा यायची नाही, तेव्हा हिनं हिच्याच भाषेत बोलावं. मग म्हणाले, “बें कर.” मी केलं. सहा-सात वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करायचं असतं. “मोठ्यानं. शेवटच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे.” मी मोठ्यानं केलं. सगळा वर्ग लोळून हसला. एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरले असते, पण गुरुजींना ती गंमत आवडली. दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेताना माझं नाव आलं की मी ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘बें’ म्हणायचं, असा कायदा झाला. अख्खं वर्ष. पावसाळा गेला, गाळप सुरू झालं, हिवाळा गेला, गाळप संपलं. रोज सकाळी मी उभी राहून मेंढरासारखी ओरडायची आणि मग खाली बसायची.

हे मी घरी बोलले नाही. कसं बोलणार? आबानं स्वतःच्या मेंढरांची लोकर विणकऱ्याकडं नेऊन गुरुजींसाठी घोंगडी विणून घेतली होती, पोरीला अक्षर शिकवतात म्हणून. काळीभोर, पांढऱ्या काठाची. गुरुजींनी ती खुर्चीवर अंथरली होती. आमच्या मेंढरांच्या लोकरीवर बसून तो माणूस मला मेंढरू म्हणायचा. आबा दर बाजारच्या दिवशी त्यांच्या पाया पडायचा. मी आईच्या पदराआडून ते बघायची. आबा वर गेला तरी त्याला मी हे सांगितलं नाही. आता इथं लिहिते आहे, कारण गुरुजींचं नाव त्या शाळेच्या कमानीवर घालायचं चाललंय असं ऐकते. घाला बापडे. पण कमानीखालून जाणाऱ्यानं हेही वाचलेलं असावं.

मी शाळा सोडली नाही, हा माझा पहिला सूड. ‘ख’ काढायला शिकले, रागानं शिकले, आणि पुढं रोज अंथुर्ण्याला चालत जाऊन दहावी पास झाले. वस्तीवर दहावी झालेली मी पहिली पोरगी. तोवर आईनं इंदापूरकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलाला चार म्हशी आहेत हे ती मला रोज ऐकवायची, जणू लग्न म्हशींशीच लावायचंय. अशात वडगाव निंबाळकरची माझी मालनमावशी आली. ती तिकडच्या महिला मंडळात होती. तिनं बातमी आणली की वस्तीवर बालवाडी निघतीय, बाई पाहिजे, आणि खोली शाळेतलीच मिळणार आहे, गुरुजींच्या वर्गाच्या भिंतीला भिंत लावून. भिंतीला भिंत हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. आबा म्हणाला, जोवर बालवाडी चालंल तोवर तुला कोण लग्नाचं इचारणार न्हाय, बंद पडली की मातर आईचं ऐकायचं. मी म्हटलं, कबूल.

पहिल्या दिवशी पोरं आली ती रडतच. काहींना तर फरफटत आणलेली. वस्तीवर पोरानं जेवायला त्रास दिला की आया म्हणायच्या, थांब, गुरुजीला सांगते. त्यामुळं शाळा म्हणजे काहीतरी मारकं जनावर, अशीच त्यांची समजूत. बालवाडी सुरू होण्याआधी बारामतीच्या प्रशिक्षणात मला चिमणीचं एक गाणं शिकवलं होतं. ते मी म्हणून बघितलं, तर रडण्याचा आवाज आणखी वाढला. दुपारपर्यंत माझा घसा बसला. दुसऱ्या दिवशी मी घरून आबाची जुनी वाघर काखोटीला मारून नेली.

अर्ध्या पोरांना मेंढ्या केलं, अर्ध्यांना कोकरं. मेंढ्या भिंतीकडंनं पाटी घेऊन बसल्या, प्रत्येकीच्या पाटीवर एक अक्षर. कोकरं वाघरात, प्रत्येकाच्या मुठीत एक वस्तू. कुणाच्या चिंचोका, कुणाच्या बाजरीचं कणीस, कुणाच्या काचेच्या बांगडीचा तुकडा, कुणाच्या गुळाचा खडा. मी वाघर उचलली की कोकरांनी आपल्या वस्तूच्या पहिल्या आवाजानं ओरडत सुटायचं. चिंचोका असेल तर ‘च च च’. ज्या मेंढीच्या पाटीवर ‘च’ असेल तिनं ओळखून ‘बें’ करायचं, आणि कोकरानं पळत जाऊन तिच्या कुशीत बसायचं. चुकीच्या मेंढीकडं गेलं तर तिनं डोक्यानं हळूच ढकलायचं. एखादी मेंढी त्या दिवशी आलेलीच नसेल तर ते कोकरू पोरकं. मग त्यानं आपल्या आवाजाच्या नावाचं माणूस शोधायचं. पोरांना सुकडीचा खाऊ वाटणारी बालवाडीतली चंपामावशी अशी कित्येकदा ‘च’ची मेंढी झाली, हातातलं पातेलं तसंच ठेवून. आणि शेवटचं कोकरू जाग्यावर बसल्याशिवाय कुणालाही सुकडी नाही, मलासुद्धा नाही.

पोरं वेडी झाली त्या खेळानं. शेणाच्या पाट्या टाकायला गेलेल्या आया परत येताना खिडकीशी थांबायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. आठ दिवसांत रडणं थांबलं, महिन्याभरात पोरं सुट्टीच्या दिवशीही दाराशी येऊन बसायला लागली. उसाच्या कांड्यांच्या बेरजा, मातीचे बैल, तुरीच्या काड्यांची घरं, काय काय करायचो आम्ही. आणि मी जे करायचे ते भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून दोन आवाज चढवून करायचे. तो ‘बें’ जितका मोठा, तितकी मी खूश. माझ्या हाताखालून पहिलीत गेलेली पोरं गुरुजींना विचारायला लागली, गुरुजी, आज कुठला खेळ. पाढे म्हणताना टाळ्या वाजवायला लागली. एकानं तर छडी बघून विचारलं म्हणे, हिचं घर करायचं का. हे मला कळलं त्या दिवशी मी चंपामावशीला गूळ-शेंगदाणे खायला घातले. मॅडम, लिहून घ्या, ही माझी अपार माया.

गुरुजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते दाराशी यायचे, ही शाळा हाय का कोंडवाडा म्हणून दरडावायचे आणि पोरं चिडीचूप व्हायची. त्यातही त्यांची स्वतःची नात, पिंकी. चार वर्षांची, डोळे टपोरे, आणि तोंडातून शब्द नाही. तिची आई दिवसभर रानात असायची, म्हणून तिला बालवाडीत सोडायची. वस्तीवर सगळ्यांना वाटायचं पोरगी मुकी आहे. मुकी कसली, आजोबाच्या आवाजानं तिची वाचा बसली होती. ती पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. वाटलं, घावली. आता हिला उभी करते वर्गापुढं. पण तिनं माझं बोट धरलं आणि सोडेचना. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देण्यात काय मतलब? सूड घ्यायचा तर ज्याचा त्याच्यावर. पिंकी माझ्याकडं बोलायला लागली, आधी कानात, मग खेळात. गुळाचा खडा तिला आवडायचा म्हणून ती कायम ‘ग’चं कोकरू. आजोबा दाराशी दिसले की मात्र तिचं तोंड पुन्हा कुलूप.

मग गुरुजी सरपंचांकडं गेले. सरपंचांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, माणूस सरळ होता पण गुरुजींचाच विद्यार्थी, त्यांच्यापुढं खुर्चीत बसायचा नाही. गुरुजींचं म्हणणं, त्या खोलीत खाऊची पोती ठेवायचीत, बालवाडीत नुसता धिंगाणा चालतो, पोरांना अक्षर येत नाही, उलट पहिलीत येतात ती बिघडून. दुसरी खोली वस्तीवर नव्हती. खोली गेली की बालवाडी गेली, आणि बालवाडी गेली की मी गेले चार म्हशींच्या दारात. तात्यांनी तोड काढली. ग्रामसभेच्या दिवशी सगळ्यांसमोर गुरुजींनी पोरांची परीक्षा घ्यावी. अक्षरं आली तर खोली राहील, नाही आली तर पोती. आई त्या आठवड्यात एकदम गोड बोलायला लागली होती. मी ओळखलं, तिनं मनानं लग्नाच्या अक्षतांचे तांदूळसुद्धा निवडायला घेतलेत.

सभेच्या दिवशी शाळेपुढचं पटांगण भरलं. बाया एकीकडं, गडी एकीकडं. गुरुजींची खुर्ची मधोमध, तीच घोंगडी अंथरलेली. आबा पुढच्या रांगेत मांडी घालून, फेटा नवा. गुरुजींनी फळ्यावर अक्षरं काढली, छडी उचलून एकेकावर ठेवली आणि पोरांना विचारायला लागले. छडी बघून माझी पोरं गारठली. रोज धावत जाऊन जे अक्षर ओळखायची त्याच्याकडं बघतच उभी. एकानं चड्डी ओली केली. पिंकीचं नाव आलं तेव्हा तिनं माझ्या साडीत तोंड घातलं. गडीमाणसं कुजबुजायला लागली, बायांनी माना खाली घातल्या, आणि गुरुजी तात्यांकडं बघून म्हणाले की बघा, मी काय सांगत होतो. आबा जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता. माझ्या डोक्यात असा जाळ झाला की मला समोरचं दिसेना.

मी तात्यांना म्हटलं, गुरुजींच्या पद्धतीनं झालं, आता माझ्या पद्धतीनं एकदा होऊ द्या, मग खुशाल पोती लावा. तात्यांनी मान हलवली. मी वाघर आणवली, पोरांना वस्तू दिल्या, मेंढ्यांना पाट्या दिल्या. आणि एक गोष्ट मी जाणूनबुजून केली. ‘ग’ची मेंढी होती सुंदर नावाची पोरगी. तिला मी हळूच म्हटलं, जा गं, हौदावरनं माझ्यासाठी तांब्या भरून आण. हौद चांगलाच लांब होता.

वाघर उचलली. पोरं फळा विसरली, छडी विसरली, सगळी सभा विसरली. काय ती धावपळ. ‘च च’ करत एक इकडं, ‘ब ब’ करत एक तिकडं, मेंढ्यांचं ‘बें’, ढकलाढकली, आणि एकेक कोकरू बरोबर आपापल्या पाटीशी. बाया उठून उभ्या राहिल्या. तात्या मोठ्यानं वाचायला लागले, चिंचोका, च, बरोबर, बांगडी, ब, बरोबर. शेवटी पटांगणात एकटी पिंकी उरली, मुठीत गुळाचा खडा. ‘ग ग’ करून थकली, कुणी हाक देईना. मी गप्प बसले. तिनं सगळ्या पाट्या बघितल्या, तोंड रडवेलं झालं, आणि मग तिला खेळाचा कायदा आठवला. पोरक्या कोकरानं आपल्या आवाजाचं माणूस शोधायचं. ती वळली आणि सरळ खुर्चीपाशी गेली. अख्ख्या गावासमोर, आजोबाच्या तोंडाकडं बघून, ती जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

“आजोबा, तुमी ग. बें करा.”

गुरुजींनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाले, जाऊन खाली बस. ती बसली नाही. मागून माझी पोरं सुरू झाली, कोकरू उपाशी, कोकरू उपाशी, आणि त्या तालावर टाळ्या. तात्यांनासुद्धा हसू आवरेना. हात जोडून म्हणाले, करा की गुरुजी, लेकरू बोललंय, उपाशी ठिवू नका. गुरुजींनी चौफेर बघितलं. तोंडातल्या तोंडात, खाकरल्यासारखं, त्यांनी ‘बें’ केलं. तेव्हा मी बोलले. इतकी वर्षं हे वाक्य मी सांभाळलं होतं.

“मोठ्यानं, गुरुजी. शेवटच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे.”

त्यांनी मोठ्यानं केलं. तोच आवाज, बैलगाडी थांबवणारा. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. मला त्या डोळ्यांत एकच गोष्ट पाहायची होती, की याला कळलं. याला आठवलं. तिथं काहीच नव्हतं. पिंकी टुणकन त्यांच्या मांडीवर चढली, काखेत डोकं खुपसून बसली, आणि गुरुजी हसायला लागले. खरंखुरं, पोट हलेपर्यंत. मग सगळं पटांगण हसलं. पण ते हसू त्यांना नव्हतं, त्यांच्याबरोबरचं होतं. मला हसले होते तसं त्यांना कुणी हसलं नाही.

खोली राहिली. तात्यांनी तिथंच जाहीर केलं. आणि वर काय झालं ते ऐका. जो तो गुरुजींच्या पाया पडायला लागला. केवढा मोठा माणूस, नातीसाठी भर सभेत मेंढरू झाला. मुकी पोर बोलती केली. घरी येताना आबासुद्धा वाटभर तेच, आन् अशा माणसाच्या हाताखाली तू शिकलीस, ठके, नशीब लागतं. आईनं रागारागानं भाकरी थापली आणि मी रागारागानं ती खाल्ली, दोघींची कारणं वेगळी. मी त्यांना मातीत घालायला गेले आणि ते पालखीत बसून परत आले. त्या रात्री मला जेवढा राग आला तेवढा हजेरीच्या वर्षातही आला नव्हता. आज हे लिहितेय तेही बीपीची गोळी घेऊन.

चार-आठ दिवसांनी मी वाघर लावत होते तर दारात गुरुजी. आपल्या वर्गाला पाढे लिहायला लावून आले होते. छडी नव्हती. चप्पल बाहेर काढून उभे राहिले आणि म्हणाले की पिंकी घरी आता सारखी बोलती, मलाबी तुझ्या खेळात घे की. आवाज अगदी मऊ. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी विचारलं, गुरुजी, माझी हजेरी आठवती का. कसली हजेरी, म्हणाले. मी सगळं सांगितलं, न रडता, न अडखळता, ‘ख’पासून वर्ष संपेपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आसंल बाई. शेकडो पोरं गेली हाताखालनं. पर तू आमचीच की. तुला मीच तर घडवली.”

माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण मलाच त्यांनी आपल्या खात्यात जमा करून टाकलं. मी म्हटलं, हितं जागा न्हाय, गुरुजी. ते हलले नाहीत. हसत उभेच, बाई रागावलीय, राग निवंल, अशा थाटात. आत पोरं ताटकळलेली. पिंकी उठून आमच्या मध्ये आली आणि माझा पदर ओढून म्हणाली, ताई, आजोबांना घ्या की, ते मेंढी हुतील. मी म्हटलं, त्यांनाच विचार, ताई लहान हुती तवा हजेरीला कसं वरडायची.

तिनं विचारलं. गुरुजींनी खरंच आठवून बघितलं, हे मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगेन. हनुवटी खाजवली, पटांगणाकडं नजर लावली. मग मान हलवून म्हणाले, न्हाय बा आठवत. पिंकीनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिच्या चार वर्षांच्या डोक्यात खेळाचे सगळे कायदे पक्के होते आणि ते कुणासाठी बदलत नव्हते.

“मंग तुमी न्हाय मेंढी, आजोबा. मेंढीला कोकराचा आवाज वळखू येतो.”

आणि तिनं दोन्ही हातांनी दार ढकललं. दार जड होतं, तिच्यानं पुरतं लागेना. उरलेलं मी लोटलं आणि आतून कडी घातली.